नाताळचे पाहुणे

पाहुणचारावर आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें. पण तें बहुधा पाहुण्याच्या पाटावर बसून बोललेलें असतें. ताट कसें वाढलें होतें, आग्रह कसा झाला, निरोप देतांना यजमान कोठपर्यंत पोंचवावयास आले, याचीं वर्णनें आपण ऐकतों. परंतु त्या ताटामागें किती दिवसांची तयारी होती, ती कोणी केली, आणि पाहुणे गेल्यावर त्या घराची काय अवस्था झाली, हा भाग चुलीपाशींच राहतो. आज नाताळच्या सुटींतील पाहुणचाराचा विचार आपण मुद्दाम चुलीच्या बाजूनें करूं. उदाहरणासाठीं मुंबई शहराच्या अगदीं कुशींत असलेलें, तरीहि शहरवासीयांपैकीं थोड्यांच्याच परिचयाचें, एक गांव घेऊं. त्याचें नांव डोंगरी.

मुंबईच्या जुन्या वस्तींतील डोंगरी ती ही नव्हे. ही डोंगरी ठाणें जिल्ह्यांत, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. भाईंदर स्थानकावर पश्चिमेस उतरावें आणि मुर्धा, राई, मोरवा हीं गांवें ओलांडीत उत्तनच्या रस्त्याला लागावें, म्हणजे ती लागते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मनोरीची खाडी, अशा पाण्यानें वेढलेल्या या भूभागाला धारावी बेट असें जुनें नांव आहे. वसईचा मुलूख १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्यें मराठ्यांनीं तो जिंकून घेतला. त्या मोहिमेंत धारावीच्या किल्ल्यासाठींहि निकराची झुंज झाली होती. राज्यें बदललीं, पण पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्ती झालेलीं शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचीं घराणीं येथेंच राहिलीं आणि त्यांची मायबोलीहि मराठीच राहिली. डोंगरीचें चर्च बेथलेहेमच्या मातेला वाहिलेलें आहे. येशूच्या जन्मगांवाचें नांवच जेथील प्रार्थनामंदिराला लाभलें, तेथें नाताळ हा घरचा सण वाटावा, यांत नवल तें काय? नाताळ हा शब्ददेखील पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ जन्माशींच निगडित आहे.

या समाजाला आज ईस्ट इंडियन म्हणतात. गोवें, मंगळूर इत्यादि ठिकाणांहून नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून येथल्या मूळ रहिवाशांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, हें नांव धारण केलें. नांव इंग्रजी खरें. पण घरांतली बोली मराठी, जुन्या बायकांचें नेसणें लुगडें आणि अन्नांत मुख्य तांदूळ व मासळी. म्हणून डोंगरीच्या पाहुणचाराची गोष्ट ही कोणा परक्याची गोष्ट नाहीं. ती आपल्याच ओसरीवरची आहे.

पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत नाताळ भर उन्हाळ्यांत येतो. मेलबर्न किंवा सिडनी येथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचा चांगला अनुभव आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस तिकडे वर्षांतील सर्वांत मोठा दिवस असतो. शाळांना जानेवारीच्या अखेरीपर्यंत उन्हाळी सुटी असते. त्याच सुमारास इकडचे आजीआजोबा नातवंडांकडे जातात आणि जेवणाच्या पंगती अंगणांत, झाडाच्या सावलीला बसतात. आपल्याकडे नाताळ हिंवाळ्यांत येतो असें आपण म्हणतों. पण कोंकणपट्टीचा हिंवाळा तो कितीसा! पहांटे पांघरूण लागतें, तरी दुपारीं पारा तीस अंशांच्या आसपास असतोच. तेव्हां पुष्कळ माणसांचें अन्न उष्ण हवेंत निर्धोक कसें ठेवावें, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आणि डोंगरीच्या नाताळाचा उन्हाळ्याशीं संबंध तर याहूनहि जवळचा आहे. तेथें डिसेंबरांतील पाहुण्याची तयारी वैशाखांतच सुरू होते.

ईस्ट इंडियन स्वयंपाकाचा पाया म्हणजे बाटली मसाला. तो एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, वर्षाचा एकदमच करून ठेवतात. मिरच्या, धणे, हळद, तीळ, मोहरी, खसखस, दालचिनी, लवंग, मिरीं, नागकेशर, दगडफूल असे वीसपंचवीस जिन्नस त्यांत पडतात; कांहीं घरांत याहून अधिक; शिवाय रस्सा दाट व्हावा म्हणून थोडे गहूं व हरभरे. प्रत्येक जिन्नस कडक उन्हांत वाळवून, निरनिराळा भाजून, मग सारे एकत्र कुटतात. तयार झालेला मसाला गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत, बहुधा बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत, ठांसून भरतात. त्यावरूनच त्याला हें नांव पडलें.

यांतील प्रत्येक कृतीला कारण आहे. ओलावा राहिला तर बुरशी धरते, म्हणून ऊन. हळकुंडाला आंच लागेपर्यंत खसखस करपून जाईल, म्हणून भाजणें वेगवेगळें. उजेडानें व हवेनें मिरचीचा रंग उडतो आणि मसाल्यांतील सुगंधी तेलें नाहींशीं होतात, म्हणून काच गडद आणि भरणें ठांसून. एका बाटलींतला मसाला संपल्यावरच दुसरीचें बूच निघतें, त्यामुळें उरलेल्या बाटल्यांना वारा लागत नाहीं. अशा रीतीनें मे महिन्यांतील ऊन बाटलींत बंद होऊन डिसेंबरांत पाहुण्याच्या ताटांत उतरतें. वेळेवर दहा माणसें वाढलीं तरी गृहिणीला मसाला वाटीत बसावें लागत नाहीं. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर वाळणारे बोंबील हीहि याच विचाराची साठवण आहे.

नाताळचे पदार्थ पाहिले म्हणजे त्यांचे तीन वर्ग सहज दिसून येतात. पहिला वर्ग आठपंधरा दिवस टिकणाऱ्या गोड व तळीव पदार्थांचा. सुक्या सारणाच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच; काट्यावर किंवा फणीवर दाबून शिंपल्यासारखे वळलेले कलकल; पेरूची वडी, दुधाची वडी, बदामाची किंवा काजूची मऊ मिठाई. साखरेचा पक्का पाक आणि तळणीनें उडालेलें पाणी, या दोहोंमुळें हे पदार्थ टिकतात. दुसरा वर्ग आंबटाचा. सोरपोतेल करतांना डुकराचें मांस आधीं उकडतात, मग बारीक चिरून मसाला व शिरका घालून शिजवितात. दोनएक दिवस मुरलें म्हणजे त्याची चव खुलते. विंदालूचीहि जात तीच. तो शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतील द्राक्षमद्य व लसूण या शब्दांवरून आलेला आहे. तिसरा वर्ग आयत्या वेळचा. भात, हातावर थापलेली तांदळाची भाकरी आणि फुगिया. फुगियांचें पीठ आंबवून सैलसर ठेवतात. तें मुठींत धरून आंगठा व तर्जनी यांमधून लहानसा गोळा पिळून काढावयाचा आणि तापल्या तेलांत सोडावयाचा. तो टम्म फुगून वर येतो. पूर्वी हें पीठ ताडीनें आंबवीत, कारण ताडींत नैसर्गिक खमीर असतें; आतां बाजारी यीस्ट वापरतात.

ही मांडणी केवळ चवीची नाहीं, ती वेळेची आहे. जड कामें पाहुणा येण्यापूर्वीं संपलेलीं असतात आणि पाहुण्यासमोर करावयाचें काम हलकें असतें. २४ डिसेंबरच्या रात्रीं घरचीं सारीं माणसें मिस्सेला जातात. परंपरेनें ही मिस्सा मध्यरात्रीची. हल्लीं कित्येक ठिकाणीं ती लवकरहि होते. त्या वेळीं चुलीपाशीं कोणीहि अडकलेलें नसावें, ही या साऱ्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.

या कसोटीला जुनें घर उतरत असे, कारण त्या घरांत हात पुष्कळ होते. मसाला कुटावयास चारपांच बाया एका उखळाभोंवतीं उभ्या राहून आळीपाळीनें मुसळें टाकीत आणि त्या तालावर गाणीं म्हणत. कलकल वळावयास आजीपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे बसत. आज एकीकडचें काम, उद्यां दुसरीकडचें. पदार्थांची संख्या मोठी होती, पण ती हातांच्या संख्येला धरून होती.

आतां काय झालें आहे? घरें लहान झालीं. लेकी-सुना नोकरीला जाऊं लागल्या, कित्येक मुलें आखातांत किंवा त्याहून दूर गेलीं. शेजारीण २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कचेरींतून परतलेली नसते. मात्र पदार्थांची यादी तीच राहिली आहे. किंबहुना परगांवाहून येणारा मुलगा वर्षाचा भुकेला आहे म्हणून ती थोडी वाढलीच आहे. बारा हातांसाठीं आंखलेला सण दोन हातांवर येऊन पडला आहे. बाकीची मंडळी नवे कपडे घालून मिस्सेला निघतात आणि एक बाई तेलकट कढया घांशीत मागें राहते. घरच्या सर्वांत थकलेल्या माणसाला ज्या सणांत सण म्हणून कांहींच उरत नाहीं, त्याला यशस्वी पाहुणचार कसा म्हणावा?

हा प्रश्न डोंगरीचाच आहे असें नाहीं. दिवाळीचा फराळ, गणपतीचे दिवस, मे महिन्यांतली भाचरांची वर्दळ, यांपैकीं कोणत्याहि प्रसंगीं आपल्या घरांत डोकावून पाहावें. चित्र तेंच दिसेल. यावर उपाय दोनच आहेत. हात वाढवावे किंवा पदार्थ कमी करावे. दोन्ही थोडेथोडे केले तर उत्तम.

पदार्थ कमी करण्यांत कमीपणा मानूं नये. वरील तीन वर्गांतून प्रत्येकीं दोनच निवडले तरी ताट भरतें. गोडांपैकीं एक घरीं करावा आणि एक विकत आणावा. गांवांतीलच एखाद्या बाईकडून घेतला तर आपला भार हलका होऊन तिच्या घरींहि सणाला चार पैसे जातात. अन्न किती करावें याचाहि अंदाज आधीं कागदावर मांडावा. मोठ्या माणसाला एका जेवणास सुमारें १०० ग्रॅम तांदूळ आणि १५० ते २०० ग्रॅम मांस किंवा मासळी पुरते. वीस माणसांच्या पंगतीला २ किलो तांदूळ आणि ३ ते ४ किलो मांस झालें. त्यांतहि भाकरी व फुगिया असतील तर तांदूळ कमीच लागतो. हा हिशेब न मांडल्यामुळें आपण दुप्पट रांधतों आणि मग उरलेलें संपविण्याची चिंता करीत बसतों. ऋण काढून सण करूं नये, असें आपल्याकडे जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. श्रमाचेंहि ऋण असतें, आणि तें घरांतील एकाच व्यक्तीच्या नांवावर चढवूं नये.

हात वाढवावयाचे तर पाहुण्यालाहि त्यांत घ्यावें. "कांहीं आणूं नका" असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण पाहुणा तरीहि मिठाईचा पुडा आणतोच, आणि एका घरांत तशाच मिठाईचे पांच पुडे जमतात. त्यापेक्षां घरोब्याच्या माणसांना मोकळेपणानें सांगावें : तुम्ही फळें आणा, तुम्ही पाव आणा, ताई, तुमच्या हातचें लोणचें आणा. यांत पाहुण्याचा अपमान नाहीं. उलट आपण या घरचे आहों असें त्याला वाटतें. तसेंच घरांतील पुरुषमंडळींनीं केवळ बाजारहाट केली म्हणजे आपला वांटा संपला असें समजूं नये. पाणी भरणें, मांस साफ करून चिरणें, पंगत उठल्यावर ताटें उचलणें व भांडीं घांसणें, हीं कामें नांवें घालून वांटून द्यावीं. "कोणीतरी करील" म्हणून सोडलेलें काम शेवटीं कोण करतें, हें प्रत्येक घराला ठाऊक आहे.

अन्नाच्या खालोखाल प्रश्न पाण्याचा. आपल्या देशांत शहरांतील पाणीपुरवठ्याची आंखणी करतांना माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरण्याचें प्रमाण आहे. याप्रमाणें मुक्कामाला दहा पाहुणे आले तर रोज १,३५० लिटरांची गरज वाढली, म्हणजे गच्चीवरील १,००० लिटरांची टांकीहि एका दिवसाला पुरली नाहीं. नळाला ठराविक वेळींच पाणी येत असेल, तर आदल्या दिवशींच पिंपें भरून ठेवावीं, आंघोळीच्या वेळा वांटून द्याव्या आणि पिण्याचें पाणी झांकून निराळें ठेवावें. निजण्याची सोयहि अशीच आधीं ठरवावी. वृद्धांना व गुडघे धरलेल्यांना जमिनीवरच्या अंथरुणावर घालूं नये. लहान मुलांना मात्र एका रांगेंत सतरंजीवर निजावयास मिळणें हाच सुटींतील मोठा आनंद असतो. भाईंदरहून येणाऱ्या शेवटच्या वाहनाची वेळ पाहुण्यांना अगोदर कळवावी, म्हणजे रात्रीं उशिरां कोणाची धांवपळ होत नाहीं.

आतां अन्नाच्या निर्धोकपणाविषयीं थोडें. शिरक्याच्या आंबटपणामुळें जंतूंची वाढ मंदावते हें खरें, आणि म्हणूनच शीतकपाटें नव्हतीं त्या काळीं सोरपोतेल टिकत असे. रोज तें पुन्हां उकळून ठेवीत. पण आंबट पदार्थ कितीहि वेळ बाहेर ठेवावा असा याचा अर्थ नव्हे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानांत जंतु झपाट्यानें वाढतात, आणि आपल्या डिसेंबरांतील दुपार नेमकी या मर्यादेंत येते. शिजविलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहूं देऊं नये. मोठें पातेलें तसेंच शीतकपाटांत ठेवलें तर तें मध्यापर्यंत निवावयास फार वेळ लागतो. म्हणून अन्न उथळ भांड्यांत काढून निववावें आणि मग आंत ठेवावें. जेवणाच्या वेळीं लागेल तेवढेंच बाहेर काढून वाफा येईपर्यंत चांगलें तापवावें. उरलेला भातहि याला अपवाद नाहीं. भातांतील कांहीं जंतूंचें विष एकदां तयार झालें म्हणजे तें पुन्हां तापविल्यानेंहि जात नाहीं. कच्चें मांस चिरण्याची पाटी व सुरी फळांसाठीं वापरूं नये. चार दिवस आनंदानें राहावयास आलेलें मूल पोटाच्या विकारानें अंथरुणाला खिळावें, यासारखा सणाचा दुसरा विरस नाहीं.

पाहुणे सारे एकाच रीतीचे नसतात. डोंगरीसारख्या गांवीं ख्रिस्ती घरीं हिंदु शेजारी व कचेरींतील स्नेही येतात; त्यांपैकीं कित्येक शाकाहारी असतात, कित्येक डुकराचें मांस खात नाहींत. त्यांच्यासाठीं वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पळीनें वाढलेलें साधें वालाचें बिरडें व भातहि पुरे आहे. मात्र तें आधीं ठरलेलें असावें. आयत्या वेळीं "तुम्ही काय खाल?" असें विचारल्यानें पाहुणा संकोचतो आणि यजमानहि गोंधळतो. दिवाळींत इकडून गेलेल्या फराळाच्या ताटाला नाताळांत नेवऱ्या-कलकलांचें ताट उत्तर देतें, ही तर शेजारधर्माची फार चांगली देवघेव आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे पाहुणे म्हणून येऊं शकत नाहींत त्यांची आठवण. ज्या घरीं वर्षभरांत दुःखद घटना घडली त्या घरीं दिवाळींत गोडधोड करीत नाहींत, पण आप्त व शेजारी तेथें ताट नेऊन देतात, ही आपली रीत प्रसिद्धच आहे. नाताळांतहि हीच दृष्टि हवी. जिची मुलें परदेशीं आहेत अशी एकटी म्हातारी, पहिल्याच वर्षीं वैधव्य आलेली शेजारीण, गांवांत नवीन बिऱ्हाड केलेलें कुटुंब, यांना बोलावणें आपल्याकडून गेलें पाहिजे. तीं आपण होऊन येणार नाहींत. गव्हाणींत जन्मलेल्या बाळाच्या मातापित्यांना उतारशाळेंत जागा मिळाली नव्हती, या गोष्टीवरच ज्या सणाची उभारणी झाली, त्या सणाला आपल्या दाराशीं कोण थांबलेलें आहे, याचा विसर पडून कसें चालेल?

पाहुण्याचींहि कांहीं कर्तव्यें आहेत. किती दिवस राहणार हें त्यानें आधीं कळवावें आणि तेवढेच दिवस राहावें. आपलें अंथरूण आपण आवरावें. यजमानीण जेवली किंवा नाहीं, याची चौकशी तोंडदेखली न करतां तिच्यासाठीं पाट मांडून करावी. नाताळापासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत दिवस पुष्कळ असतात; सारे एकाच दिवशीं लोटण्याऐवजीं कोणी २५ तारखेस, कोणी नववर्षाच्या दिवशीं, कोणी त्यानंतरच्या रविवारीं आले तर भेट अधिक निवांत होते आणि घरावरचा भारहि विभागला जातो.

बाटली मसाला करणाऱ्या बायांना डिसेंबरांत कोणता पाहुणा येणार हें मे महिन्यांत ठाऊक नसतें. कोणीतरी येईल एवढ्या विश्वासावर त्या मिरच्या उन्हांत घालतात. तो विश्वास आपण जपावा. त्याबरोबरच उखळाभोंवतीं एकीनें एकटीनेंच मुसळ टाकूं नये, हा त्यांचा दुसरा नियमहि जपावा. या नाताळाला आपल्याकडे पाहुणे यावयाचे असतील, तर पदार्थांची यादी करण्यापूर्वीं हातांची यादी करावी. तींत घरांतील प्रत्येकाचें नांव असूं द्यावें, आणि २४ तारखेच्या रात्रीं गृहिणीच्या नांवापुढील जागा मोकळी ठेवावी.